मुंबई पाहाले आलो

दरवर्षी डिसेंबर उजाडला की एक वाक्य ऐकू येतं. दादरच्या गॅलरीतून येतं, लोकलच्या डब्यातून येतं, हापिसातल्या चहाच्या टेबलावरून येतं. "हे लोक काय, फुकटात मुंबई बघायला येतात."

आणि दरवर्षी आपलं उत्तरही ठरलेलं असतं. आपले वक्ते माईकवरून छाती ठोकून सांगतात, आपली पोरं पत्रकात छापतात : आम्ही मुंबई बघायला येत नाही, आम्ही बापाला अभिवादन करायला येतो.

दोस्तहो, मी या उत्तराशी भांडायला बसलो आहे. त्या गॅलरीवाल्यांचं नंतर पाहू. आधी आपलं पाहू.

अभिवादनाला येतो हे खरंच आहे. साडेसातशे किलोमीटर जनरल डब्यात संडासाच्या दाराशी अंग चोरून बसून कोणी चौपाटीची भेळ खायला येत नाही. पण 'मुंबई बघायला येत नाही' हे आपण इतक्या घाईनं का सांगतो? मुंबई बघणं ही चोरी आहे काय? कोणी हात धरला म्हणून आपण खिसे उलटे करून दाखवतो काय?

मी हिंगणघाटच्या एका गिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटला धागा सांधायचा, पुढं चालायचं, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा. आठ तासांत किती चाललो याचा हिशोब फक्त पायाला माहीत. कंत्राटी माणूस. हजेरी लागली तर पैसा, नाही लागली तर नाही. शिक्षण दहावी नापास, पुढचं सगळं तिसऱ्या पाळीनंतर वस्तीतल्या वाचनालयात झालं. कविता लिहितो. हे एवढ्यासाठी सांगितलं की सुट्टी, सहल, पर्यटन हे शब्द आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही. शाळेत सातवीत असताना सहल मुंबईला गेली. पैसे भरणारी पोरं गेली. मी वर्गात उरलेल्या पोरांत होतो. आमची सहल म्हणजे सेवाग्राम आणि पवनार. सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी परत.

माझी माय सात वेळा मुंबईला जाऊन आली. बाप होता तोवर दोघं, बाप गेल्यावर वस्तीतल्या बायांसंगं. पांढरं लुगडं, फडक्यात भाकरी, डब्यात ठेचा. दादरला उतरायचं, रांगेत उभं राहायचं, डोकं टेकायचं, शिवाजी पार्कात रात्र काढायची आणि परतीची गाडी धरायची. लहानपणी मी विचारायचो, माय, मुंबई कशी आहे? ती म्हणायची, "गर्दी हाये बाप्पा."

सात वेळा जाऊन एवढंच. पोटात तुटतं ते इथं. जिनं सात वेळा मुंबईच्या मातीला डोकं टेकवलं तिनं मुंबई पाहिली नाही, आणि तिचाच फोटो पाहून कोणी म्हणतं की ही फुकटात शहर पाहायला आली.

गेल्या डिसेंबरात मी ठरवलं. मायचे गुडघे आता उतरले आहेत, किती वेळा जाणार माहीत नाही. पोरगी सहा वर्षांची, पोरगा चारचा. सगळे जाऊ. सहा तारीख बाबासाहेबांची. सात तारखेला एक दिवस जास्त राहू आणि मुंबई पाहू. वर्षभर भिशी लावली होती. साडेतीन तिकिटं काढली. मी, माय, बायको आणि पोरीचं अर्धं. पाच वर्षांखालचं लेकरू रेल्वे तसंच नेते. ही साडेतीन तिकिटं मी जपून ठेवली आहेत. चार दिवसांची हजेरी बुडाली आणि महिन्याचा हजेरी बोनस गेला, तो खर्च वेगळा. म्हणजे 'फुकट' या शब्दाचा आमच्यापुरता निकाल लागला.

पाच तारखेला पहाटे दादरला उतरलो. रांगेत पाच तास गेले. पोरगा माझ्या खांद्यावर झोपला, पोरगी आजीच्या पदराला धरून उभी. ७ डिसेंबर १९५६ ला जिथं बाबासाहेबांची चिता पेटली तिथला तो लहानसा स्तूप, मागं समुद्र. बाजूलाच इंदू मिलची जागा, तिथं क्रेन उभ्या होत्या. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते त्या बंद गिरणीत घुसले होते, ११ ऑक्टोबर २०१५ ला तिथं स्मारकाची पायाभरणी झाली. मायला सांगितलं, इथं गिरणी होती. ती म्हणाली, "तुया गिरणीवाणी?" म्हटलं, त्याहून मोठी.

सहा तारखेला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांतून फिरलो. ही जत्रा मी दुसरीकडं पाहिली नाही. नारळ नाही, हळदकुंकू नाही, पुस्तकांचे ढीग. अंगठा उठवणारी बाई नातवासाठी पुस्तक निवडते आणि दुकानदाराला म्हणते, चांगलं पाहून दे. मी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा मराठी अनुवाद घेतला. त्याच्याबद्दल पुढं बोलतो.

त्या संध्याकाळी एका मंडपातून स्वयंसेवक माईकवर सांगत होता, "बंधू-भगिनींनो, ही सहल नाही. लेकरंबाळं घेऊन इकडंतिकडं फिरू नका, आपली बदनामी होते." माणूस भला होता. दोन दिवस झोपला नसेल, आवाज बसला होता. पण मायनं ते ऐकलं आणि ते तिच्या मनात बसलं. रात्री घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात आतेभावाच्या खोलीवर झोपायला गेलो. सकाळी माय उठेना.

"फिराले कायले? बाबासाहेबाले भेटलो, झालं. चाल घरी."

बायको म्हणाली, "आई, लेकराइले पाहू द्या ना. तुमीबी कोठी पाह्यली?"

माय काही बोलली नाही. पण थोड्या वेळानं तिनं चप्पल घातली.

पहिल्यांदा परळला गेलो, बी.आय.टी. चाळीत. बाबासाहेब १९१२ ते १९३४, परदेशातली वर्षं सोडून, याच चाळीच्या दोन खोल्यांत राहिले. महाड इथून लढले, काळाराम इथून लढले, गोलमेज परिषदेला इथून गेले. आम्ही गेलो तेव्हा चाळीत दोरीवर कपडे वाळत होते, कोणाचा तरी कुकर शिट्ट्या मारत होता. पोरगी जिना चढली, लांब गॅलरीतून चालत गेली, खोलीच्या दारात थांबली. तिला ठाऊक असलेले बाबासाहेब म्हणजे चौकातले. सुटाबुटातले, बोट वर केलेले, आमच्या घराहून उंच. ती आत डोकावली, मग माझ्याकडं पाहिलं.

"बाबासाहेब एवढ्याशा खोलीत राहे? आपल्यावाणी?"

मी शंभर भाषणं ऐकली असतील. पोरीला मी स्वतः गोष्टी सांगितल्या आहेत. पण जे तिला त्या दारात कळलं ते मला सांगता आलं नव्हतं. मोठा माणूस आपल्याएवढ्या खोलीतून निघू शकतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. याला तुम्ही सहल म्हणा, बदनामी म्हणा, काही म्हणा.

तिथून आम्ही लोअर परळकडं निघालो. हा माझा हट्ट. मी गिरणीचा माणूस, मला गिरणगाव पाहायचं होतं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर हे गाव पुन्हा उभं राहिलं नाही. याच गिरण्यांत आपली माणसं कताईच्या खात्यात धूळ खात होती आणि विणकाम खात्याचं दार त्यांना बंद होतं, कारण तिथं तुटला धागा थुंकीनं ओला करून जोडावा लागे. महाराच्या थुंकीनं धागा बाटे. पगार तिथं जास्त, म्हणून बाटण्याचं भयही तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपवाल्यांच्या मागण्यांत तो घालायला लावला. मी आज दिवसातून हजार वेळा धागा सांधतो. दर वेळी नाही, पण कधीकधी हे आठवतं.

गिरण्या दिसल्या नाहीत. काचेचे टॉवर दिसले, मधूनच एखादी जुनी चिमणी. गिरणीच्या जागेवरच्या एका मॉलपाशी पोरं थांबली. आत सरकता जिना दिसत होता. दारात गार्ड. लोक पिशव्या मशीनमधून काढून सरळ आत जात होते. आमची पिशवी उघडायला लावली. भाकरीचं फडकं सोडून पाहिलं. कालचं बाबासाहेबांचं कॅलेंडर गुंडाळलेलं होतं, तेही उलगडून पाहिलं.

"काय काम आहे?"

बायको म्हणाली, "पाहाले आलो."

"खरेदी?"

"नाही जी. पाहाले."

गार्ड वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला. आम्हाला आत सोडलं. पण दुसरा एक गार्ड, विशी-बाविशीचा पोरगा, आमच्या मागं पाच पावलांवर चालू लागला. आम्ही थांबलो की थांबे, वळलो की वळे. मी ओळखलं, बायकोनं ओळखलं. मायनं आमच्या आधी ओळखलं असावं, कारण तिनं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि नातवाचा हात घट्ट धरला, कुठं लावू नये म्हणून. पोरगी मात्र खुशीत होती. सरकत्या जिन्यावरून दोनदा वर गेली, दोनदा खाली आली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली :

"बाबा, हे काका आपल्याले दाखवून राह्यले काय?"

म्हटलं, हो.

मी त्या पोरासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "काऊन रे भाऊ?" बोली ऐकून तो चपापला. बुलढाण्याकडचा होता. म्हणाला, "दादा, मी काय करू, वरतून सांगतात. कॅमेऱ्यात दिसते." त्याच्यावर माझा राग नाही. त्याचीही हजेरीच असेल. आम्ही अर्ध्या तासात बाहेर पडलो. दोन जिने पाहून झाले होते.

दुपारी चर्नी रोडच्या बागेत बसून भाकरी खाल्ल्या. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून सुटला की एक पोरगा इथं येऊन वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला इथंच हेरलं, पुढं बुद्धाचं चरित्र हातात दिलं. पोरांना म्हटलं, पाहा, ही ती बाग. पोरगा घसरगुंडी शोधत होता. शोधू दे. मग गेटवेला गेलो. १९२४ साली राजाच्या आठवणीसाठी हे दार उघडलं आणि त्याच १९२४ साली तिकडं परळला, दामोदर हॉलात, बहिष्कृत हितकारिणी सभेची जुळणी झाली. मी मायला हे सांगत होतो, ती ऐकत नव्हती. ती कठड्याला धरून समुद्र पाहत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सात खेपा आली, बाप्पा. हे इतकं होतं म्हना इथं."

रात्रीच्या गाडीत जागा मिळाली. सगळे झोपल्यावर मी पुस्तक काढलं. मसूरची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण ते पुस्तक सलग वाचा, आणि मी आता सांगतो त्या डोळ्यांनी वाचा. ते प्रवासाचं पुस्तक आहे.

१९०१ सालची पहिली गोष्ट तर सरळ उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे. चार लेकरं, नवे कपडे, टोप्या, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. बाप गोरेगावला नोकरीला, त्याला भेटायला निघाली. आपली पोरं सहा डिसेंबरच्या गाडीत बसताना जशी नाचतात तशीच नाचली असतील. मसूरला उतरली, स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि सुट्टी तिथं संपली. बैलगाडीवाला दुप्पट पैशावर तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. जवळ डबा होता, पण पाणी मिळालं नाही म्हणून रात्रभर उपाशी.

दुसरी गोष्ट १९१७ ची. परदेशातून शिकून आलेला माणूस बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. राहायला खोली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला, अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. मग तो दिवस कमाठी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई.

आणि १९३४. ही गोष्ट, कार्यकर्त्यांनो, खास तुमच्यासाठी. चळवळीतल्या सहकाऱ्यांनीच बाबासाहेबांना म्हटलं की स्थळं पाहायला जाऊ, तुम्ही चला. बाबासाहेबांनी 'ही सहल आहे, आपली बदनामी होईल' असं म्हटलं नाही. तेही निघाले. तीसेक माणसं होती. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची असं ठरलं. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना. दाराबाहेरच्या तळ्यावर प्रवासातल्या धुळीनं माखलेले हातपाय धुतले, तर तळं बाटवलं म्हणून एक म्हातारा ओरडत आला, जमाव जमला. मोठी बाचाबाची झाल्यावर आत सोडलं. पण आत पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला.

हे वाचताना गाडी कुठं होती कोणास ठाऊक. मला मॉलमधला तो पोरगा आठवला, पाच पावलांवरचा.

सहलीला काय लागतं? बसायला गाडी, राहायला खोली, प्यायला पाणी. बाबासाहेबांना तिन्ही नाकारलं गेलं. आज तिकीट काढलं की गाडी मिळते, पैसे मोजले की पाणी बाटलीत मिळतं. हे आपोआप मिळालं नाही, लढून मिळालं. पण मागचा शिपाई अजून गेलेला नाही. 'हे लोक मुंबई बघायला येतात' असं गॅलरीतून बोलणारा तोच शिपाई आहे, घरबसल्या ड्यूटी करतो. आणि आपण 'नाही हो, आम्ही कशाला बघू' म्हणतो तेव्हा आपण त्याला पिशवी उघडून दाखवतो.

चवदार तळं सर्वांना खुलं आहे हा ठराव महाडच्या नगरपालिकेनं कागदावर आधीच केला होता. कागदानं कोणाची तहान भागली नाही. २० मार्च १९२७ ला माणसं चालत गेली, ओंजळ भरली, तेव्हा तो ठराव खरा झाला. शहराचंही तसंच आहे. गेटवे सर्वांचा, समुद्र सर्वांचा, बागा सर्वांच्या, कागदावर. आपली लेकरं तिथं जाऊन मनसोक्त पाहतील, मागं न पाहता, तेव्हा ते खरं होईल.

आमच्या वर्धा जिल्ह्यात साऱ्या देशातून, परदेशातून लोक पाहायला येतात. सेवाग्रामला १९३६ साली गांधी राहायला आले, त्यांची कुटी पाहायला येतात. मातीच्या भिंती पाहतात, कवेलू पाहतात, फोटो काढतात. चांगली गोष्ट आहे, कोणी त्यांना 'फुकटात झोपडी बघायला आले' म्हणत नाही. मातीच्या भिंती पाहायला मोटारीतून येणारा तो पर्यटक. मातीच्या भिंतीतून निघून समुद्र पाहायला जनरल डब्यातून जाणारी माझी माय, ती मात्र गर्दी. हा हिशोब मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, आधी पोट, आधी शिक्षण, आधी नोकरीतला अनुशेष, हे फिरणं कसलं काढलं? ते सगळं आधीच आहे. मी संप केला आहे, मोर्चात लाठी खाल्ली आहे, पुन्हा खाईन. पण माझी पोरगी त्या खोलीच्या दारातून परत आली तेव्हापासून शाळेत बाई विचारतात, सुट्टीत कोण कुठं गेलं, तर ती हात वर करते. हेही चळवळीचंच काम आहे असं मी मानतो. तुम्हाला पटत नसेल तर पुढच्या अंकात भांडा.

तोवर आमचं ठरलं आहे. वस्तीतल्या नऊ घरांनी जानेवारीपासून महिना दोनशेची भिशी सुरू केली आहे. सहा डिसेंबर बाबासाहेबांचा. त्या दिवशी रांग, अभिवादन, पुस्तकं. सात डिसेंबर लेकरांचा. बी.आय.टी. चाळ, राजगृह, चर्नी रोडची बाग, फोर्टातलं सिद्धार्थ कॉलेज, गेटवे, आणि पोरं म्हणतात म्हणून राणीच्या बागेतले पेंग्विन.

मुंबईतल्या दोस्तांनो, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. सहा तारखेच्या रात्री तीस-चाळीस माणसं झोपतील असा एखादा हॉल किंवा बुद्धविहार. सातला सकाळपासून सोबत येईल असा एक वाटाड्या, ज्याला लेकरांशी बोलता येतं, भाषण देणारा नको. आणि मंडपातल्या माईकवाल्या भावाला निरोप : 'ही सहल नाही' म्हणू नको. म्हण, 'लेकरांना समुद्र दाखवून न्या.'

बाकीच्या गावांतून ज्यांना यायचं असेल त्यांनी दिवाळीआधी नावं कळवावी. लेकरांची वयं नावासमोर लिहावी, अर्ध्या तिकिटाचा हिशोब करावा लागतो.

जय भीम.